उल्का मिथुन वर्षावातलीच, हे कसं ओळखायचं?
तुम्ही बेळगावजवळच्या जांबोटीहून १४ डिसेंबरच्या रात्री पाहिलेली उल्का कुठल्या वर्षावातली (वर्षाव म्हणजे आकाशातल्या एकाच जागेतून आल्यासारख्या दिसणाऱ्या उल्का), हे ती कुठं दिसली यावरून ठरत नाही; कुठून आली ते बघायचं. तिची रेघ मनातल्या मनात मागं न्या. दोरी ताणून आकाशासमोर धरली की सोपं जातं. रेघ पुनर्वसू नक्षत्रातल्या कॅस्टर ताऱ्याजवळ पोचली तर बहुधा मिथुन वर्षावातली. बहुधा म्हणतो, कारण नुसती दिशा फसवते. वेगही बघा: मिथुनच्या उल्का सेकंदाला सुमारे ३५ किमी, नोव्हेंबरातल्या सिंह वर्षावाच्या ७१. शिवाय कॅस्टरच्या अगदी जवळची उल्का आखूड आणि संथ दिसायला हवी. तिथंच लांबलचक, झर्रकन गेली तर ती भटकी, म्हणजे कुठल्याच वर्षावातली नव्हे. बेळगावच्या उजेडातून बाहेर पडलात ते मात्र बरं केलंत.