गोळ्यांची पिशवी टेबलावर ओता

प्रश्न : माझे वडील ८१ वर्षांचे आहेत. दीड वर्षापासून ज्येष्ठ निवासात राहतात. जागा स्वच्छ, माणसं प्रेमळ. पण त्यांच्या औषधपाण्याकडे नेमकं कोण बघतं, ते कळत नाही. विचारलं की "डॉक्टर येऊन जातात" एवढंच. हृदयाचे डॉक्टर वेगळे, मधुमेहाचे वेगळे, प्रोस्टेटचे तिसरेच. गेल्या महिन्यात बाबा रात्री बाथरूमला जाताना पडले. हाड मोडलं नाही, पण माझी झोप उडाली आहे. मी पंधरवड्यातून एकदा जाते. माझ्या हातात काय आहे?

उत्तर : ताई, पुढच्या भेटीत गप्पा नंतर. आधी सिस्टरकडून बाबांच्या सगळ्या गोळ्या मागून घ्या आणि टेबलावर ओता. डब्यातल्या, उशाशी ठेवलेल्या, कोणीतरी "सर्दीला चांगली" म्हणून दिलेल्यासुद्धा.

मी बरीच वर्षं अशा निवासांमध्ये तपासायला जाते. एका आजोबांच्या टेबलावर नऊ पाकिटं निघाली. रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन. या गोळीने काहींच्या घोट्यांना सूज येते, तशी त्यांना आली. सूज बघून दुसऱ्या डॉक्टरांनी लघवी वाढवणारी गोळी दिली, आणि ती मिळायची संध्याकाळच्या चहाबरोबर. मग रात्रीतून चारदा उठणं. झोप होत नाही म्हणून झोपेची गोळी. त्या गुंगीत ते पडले. प्रत्येक डॉक्टर आपापल्या जागी बरोबर होता. सगळी पाकिटं शेजारी शेजारी ठेवून मात्र कोणीच बघितली नव्हती. तुमच्या बाबांचंही असंच असेल असं नाही, पण रात्री पडले म्हटल्यावर मी सुरुवात इथूनच करते.

मात्र स्वतःहून एकही गोळी बंद करू नका, हात जोडून सांगते. झोपेच्या, हृदयाच्या काही गोळ्या एकदम तोडल्या तर भलतंच होऊन बसतं.

मग एक डॉक्टर ठरवा, एकच. बाकीच्यांनी सल्ला द्यावा, शेवटचा शब्द यांचा. टेबलावरच्या सगळ्या गोळ्यांची यादी करा. तीत प्रत्येक गोळीपुढे चार गोष्टी हव्यात : कशासाठी, कोणी दिली, कधीपासून, कधीपर्यंत. चौथा रकाना बहुतेकदा कोराच असतो. मी स्वतः एका आजींची पंधरा दिवसांसाठी दिलेली आम्लपित्ताची गोळी दोन वर्षं "चालू ठेवा" लिहीत राहिले. लक्षात आणून दिलं ते त्यांच्या सुनेने.

अमेरिकेत डॉ. मार्क बीअर्स यांनी १९९१ मध्ये वृद्धांना जपून द्यायच्या औषधांची यादी केली, ती नर्सिंग होममधल्या, म्हणजे तिथल्या वृद्धांच्या शुश्रूषा-निवासांतल्या, रहिवाशांसाठीच. ती यादी अजूनही सुधारली जाते. झोपेच्या बऱ्याच गोळ्या तिच्यात आहेत, आणि सर्दीच्या गोळ्यांत असणारं क्लोरफेनिरामिनही. त्याने म्हाताऱ्या माणसाला भ्रम होऊ शकतो, प्रोस्टेट असेल तर लघवी अडू शकते. म्हणून ती उशाशी असलेली गोळीही बाबांच्या यादीत लिहायची.

सिस्टरना एक काम सांगा : बाबांचा रक्तदाब आडवं असताना आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत मोजायचा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना कळवायचं. प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनीही असा दाब उतरतो.

डॉक्टर आठवड्यातून तासभर येणार. बाबांना रोज बघतो तो केअरटेकर. त्याच्याशी ओळख वाढवा. एकदा एक मावशी मला म्हणाल्या, "आजी आज वेणी घालू देत नाहीयेत, नुसत्या बघत बसल्यात." ताप नव्हता, खोकला नव्हता. निघाला न्यूमोनिया. एक-दोन दिवसांत माणूस बदलला, गप्प झाला, बरळायला लागला, तर "वय झालं" हे उत्तर ऐकून घेऊ नका. त्याच दिवशी तपासणी. रात्री असं झालं तर फोन कोणाला आणि हलवायचं कुठे, हे फाइलच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या.

आणि हे सगळं बाबांना शेजारी बसवून करा, त्यांच्या पाठीमागे नको. कानाचं यंत्र लावलंय ना, तेही बघा. एका आजोबांना मी सरळ विचारलं, "यातली कुठली गोळी नकोशी वाटते?" ते उठले आणि उशीच्या अभ्र्यातून अकरा गोळ्या काढून माझ्या हातावर ठेवल्या.