गतिरोधक मागा, पण वीतभर उंचीची भिंत नको

रस्ता आणि आपण : वाचकांचे प्रश्न
(उत्तरं देणारा : सार्वजनिक बांधकाम खात्यातला एक निवृत्त उपअभियंता)

प्रश्न : आमचं गाव राज्यमार्गावर आहे. दीड वर्षापूर्वी रस्ता नवा झाला. आधी एसटीसुद्धा गचके खात यायची, आता टेबलासारखा रस्ता आहे. गेल्या महिन्यात संध्याकाळी साडेसातला माझे चुलतसासरे डेअरीत दूध घालून, सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होते. मागे कॅरिअरवर नऊ वर्षांची नात. मोटारीने दोघांना उडवलं. सासरे जागेवर गेले, पोरगी दवाखान्यात नेताना. दुधाची किटली दुसऱ्या दिवशी तीस-चाळीस पावलांवर ओढ्यात सापडली. गावाने तीन तास रास्ता रोको केला. साहेब लोक आले, आठ दिवसांत गतिरोधक करतो म्हणाले. वाट पाहून पोरांनीच एका रात्रीत सिमेंट-खडीचा गतिरोधक घातला. आता त्यावर रोज कुणीतरी आपटतं. परवा दुचाकीवरची गरोदर बाई पडली. पोलीस म्हणतात, काढा, नाहीतर गुन्हा दाखल करू. गावात दोन तट पडलेत. गाडी आमच्याच गावातल्या पोराची होती, त्यामुळे उघड कुणी बोलत नाही. आम्ही नेमकं काय करायचं?
— एक वाचक, जि. सातारा

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात किटलीचं एक वाक्य आहे. तुम्ही ते सहज लिहिलंत, पण तपासात त्याला फार मोल आहे. धडकेनंतर माणूस, सायकल, किटली किती लांब फेकली गेली आणि टायरचे काळे ओरखडे किती लांबीचे आहेत, यावरून गाडीच्या वेगाचा अंदाज काढता येतो. किटलीची जागा पंचनाम्यात आली आहे का ते बघा. नसेल तर ज्याला ती सापडली त्याने तपास अधिकाऱ्याकडे जबाब द्यावा, आणि तुम्ही तसा लेखी अर्ज देऊन पोच घ्या. ओरखडे आता पुसले असतील. किटली मात्र घासूनपुसून फळीवर ठेवू नका म्हणावं.

भरपाईचं चटकन सांगून टाकतो. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करायला कायद्यात अपघातापासून 6 महिन्यांची मुदत आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलंय, पण त्या भरवशावर बसू नका. 2022 पासूनच्या नियमाने पोलिसांनी 48 तासांत अपघाताचा पहिला अहवाल न्यायाधिकरणाला पाठवायचा असतो आणि 10 दिवसांत घरच्यांना त्यांच्या हक्कांचा छापील नमुना द्यायचा असतो. मिळाला नसेल तर मागा. कुणी वकील ‘मिळेल त्यातले इतके टक्के’ म्हणाला तर तिथून उठा, असा सौदा वकिलांच्या नियमांत बसत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बायकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. चुलतसासूबाईंना आणि मुलीच्या आईला घेऊन तिथे जा.

आता तुमचा गतिरोधक. तो काढा, आणि उद्याच काढा. पोलीस म्हणतात म्हणून नव्हे. एकदा टेप लावून बघा : रुंदी दीड-दोन फूट आणि उंची वीतभर भरेल. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसने नेहमीच्या वाहतुकीसाठी जो गोल पाठीचा गतिरोधक सांगितलाय, तो 3.7 मीटर रुंद आणि मधोमध जेमतेम 10 सेंटिमीटर उंच असतो. म्हणजे बारा फुटांत चार इंच चढायचं आणि उतरायचं. ताशी 25 किलोमीटरने गाडी त्यावरून झोका घेतल्यासारखी जाते, त्याहून जोरात गेली तरच दणका बसतो. पुढे 40 मीटरवर फलक हवा, अंगावर पांढरे पट्टे हवेत, रात्री चमकायला हवेत. पोरांनी घातलाय तो अंधारातला उंबरठा आहे. मोटारवाला त्यावरून एक शिवी हासडून निघून जातो, पडते ती दुचाकीच्या मागे एका बाजूला बसलेली बाई. काढलेल्या रात्रीपासून पोलीस ठाण्याचे लोखंडी बॅरिकेड मागून घ्या, आडवे-तिरके लावून गाडी वळवत न्यावी लागेल असे ठेवायला सांगा, आणि डेअरीच्या तारेवरून का होईना, तिथे एक दिवा टाका.

पण खरं सांगू का, अर्जात नुसता गतिरोधक मागू नका. राज्यमार्गावर मधेच गतिरोधक घालायला खातं नाखूश असतं, त्याला कारणं आहेत. ऊसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर तिथे अडकतो, अँब्युलन्समधला पेशंट उसळतो. आणि गतिरोधक ओलांडला की पुढच्या शंभर मीटरांत गाडी पुन्हा पळते. मूळ दुखणं दुसरीकडे आहे.

1998 साली मी शाखा अभियंता होतो. एका गावाच्या तोंडाशी वडाला वळसा घालून जाणारं आंधळं वळण होतं. लोकांचीच मागणी होती. आम्ही ते सरळ केलं, रुंद केलं, वड गेला. नारळ फुटला, पेढे वाटले, माझ्या गोपनीय अहवालात चांगला शेरा आला. पुढच्या सात महिन्यांत त्या सरळ केलेल्या तुकड्यावर तीन माणसं गेली. तिसऱ्या वेळी मी जागा बघायला गेलो तर बांधावर बसलेला एक म्हातारा म्हणाला, “साहेब, वळण होतं तवा गाडीवाला हारन वाजवायचा. आमाला कळायचं, कायतरी आलं.” मी काही बोललो नाही. वहीत मापं लिहीत राहिलो.

तुमच्याकडे तेच झालंय. खड्डे होते तोवर तेच गतिरोधक होते. आता रुंद, सरळ, गुळगुळीत रस्ता ड्रायव्हरला सांगतो, जा. घरं, शाळा, डेअरी हे त्याच्या डोळ्याच्या कडेला राहतं. त्यात गंमत अशी, की केंद्राच्या 2018 च्या अधिसूचनेप्रमाणे अशा रस्त्यावर मोटारीला ताशी 70 ची मुभा आहे, कमी मर्यादा कुणी ठरवून दिली नसेल तर. म्हणजे तुमच्या डेअरीसमोरून 70 ने गेलेला माणूस वेगमर्यादेत बसतो.

हिशेब करून बघा. समोर सायकल दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद जातो. ताशी 40 ची गाडी कोरड्या डांबरावर सगळं मिळून 25 मीटरच्या आसपास थांबते. 80 च्या गाडीने तेवढ्याच 25 मीटरांत अजून ब्रेकच दाबलेला नसतो. पहिली गाडी जिथे उभी असते, तिथून दुसरी पुरत्या 80 ने पुढे जाते.

म्हणून अर्जात हे मागा : गावाच्या दोन्ही तोंडांना रस्ता डोळ्याला अरुंद वाटेल अशी रचना, म्हणजे मधे छोटं बेट, कडेला कर्ब (उंच दगडी किनार), त्याआधी रंबल पट्ट्या, म्हणजे चाकाखाली खडखडणारे आडवे उंचवटे. डेअरी आणि शाळेसमोर रस्त्यापासून उचललेला पादचारी पट्टा, त्याच्या अलीकडे-पलीकडे दिवे. साइडपट्टीवर चालायला जागा. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 112 खाली या तुकड्यासाठी कमी वेगमर्यादेची अधिसूचना. ग्रामपंचायतीने नुसती पत्र्यावर ‘वेग 30’ अशी पाटी रंगवून भागत नाही, चलन फाडायला अधिसूचना लागते.

अर्जावर गावाचं नाव घातलंत तर तो टेबलांवर फिरत राहील, किलोमीटर घाला. आमच्या खात्याची भाषा ती आहे. रस्त्याकडेच्या दगडाचं डोकं हिरवं असेल तर राज्यमार्ग, पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग. दोन मोठ्या दगडांच्या मधे 2, 4, 6, 8 असे आकडे घातलेले बुटके दगड असतात, ते 200-200 मीटरवरचे. समजा 23 चा दगड आणि पुढे 4 चा बुटका दगड डेअरीजवळ आहे, तर तुमची जागा कि.मी. 23/400. नव्या कामात बुटके दगड गाडले गेले असतील तर टेपने मोजा. अर्ज सार्वजनिक बांधकाम उपविभागाच्या उपअभियंत्याला, प्रत कार्यकारी अभियंत्याला आणि जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला. तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. सोबत ग्रामसभेचा ठराव. आणि वेगळा, दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज : रस्ता नवा करताना सुरक्षा तपासणी झाली होती का, तिचा अहवाल द्या. आपल्या राज्यात असा अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत लागतो, तेव्हा त्यात रडगाणं नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम 198अ ने रस्त्याची रचना आणि देखभाल करणाऱ्यांवरही जबाबदारी टाकलेली आहे, दंड 1 लाखापर्यंत. एवढ्या खर्चाच्या कामापुढे तो किरकोळ आहे, पण त्या कलमाचा उल्लेख असलेला अर्ज फाइलच्या तळाशी जात नाही, हे मी त्या खुर्चीत बसून पाहिलंय.

शिवाय डेअरीत एक वही ठेवा. जो पडेल, घसरेल, थोडक्यात वाचेल, त्याची तारीख, वेळ, जागा. अपघातप्रवण ठिकाण ठरवताना राष्ट्रीय महामार्गावर 500 मीटरांत 3 वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे 5 अपघात किंवा 10 मृत्यू असा हिशेब धरतात. उठला, कपडे झटकले, हळद लावली आणि घरी गेला, तो त्यात कुठेच येत नाही.

राहिला तो गाडीवाला मुलगा. त्याला लगेच जामीन मिळाला असेल, तर त्यात कुणी पैसे चारले असं लगेच धरू नका. निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याचं भारतीय न्याय संहितेतलं कलम 106(1) जामीनपात्र आहे, शिक्षा 5 वर्षांपर्यंत. दारू किंवा शर्यत असं काही असेल तर जास्त कडक कलमाचा प्रश्न येतो. पुण्यात कल्याणीनगरला मे 2024 मध्ये अल्पवयीन मुलाच्या गाडीने दोघे गेले, तेव्हा जामिनासाठी घातलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर सगळा महाराष्ट्र उसळला. पण तो मुलगा आपल्यातला नव्हता, म्हणून उसळणं सोपं गेलं. तुमच्याकडे त्याची आई त्याच डेअरीत दूध घालते. तिला वाळीत टाकू नका. ग्रामसभेच्या ठरावावर तिची सही घ्या, घरात असेल तर त्या मुलाच्या बापाचीही. आणि ठराव झाल्यावर गावातल्या किती मोटारी डेअरीसमोरून 30 ने जातात, तेही आठवडाभर वहीत लिहा. मला कळवा.

प्रश्न : मी पुण्यात आंबेगावला राहतो, मालवाहू गाडी चालवतो. नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंत उतारावर गाडी न्यूट्रलला टाकली तर डिझेल वाचतं असं सगळे सांगतात. चूक काय त्यात?

उत्तर : चूक सगळीच आहे. 20 नोव्हेंबर 2022 ला त्याच उतारावर एका ट्रकच्या धडकेत जवळपास 48 गाड्यांचा चुराडा झाला, तेव्हा तपासात हीच सवय पुढे आली. गिअर काढला की इंजिन गाडीला मागे ओढायचं सोडतं आणि सगळं ओझं ब्रेकवर येतं. सतत दाबून ब्रेक तापतात, तापले की पकडत नाहीत. त्यातून डिझेलही वाचत नाही : नव्या गाडीत गिअर घालून ॲक्सिलरेटर सोडला तर इंजिनाला डिझेल जवळजवळ जातच नाही, न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला थोडं जळत राहतं. ज्या गिअरने तो चढ चढाल, त्याच गिअरने उतरा. हे मला एका जुन्या एसटी ड्रायव्हरने शिकवलं, माझ्या पदवीने नाही.

प्रश्न : अपघातातल्या माणसाला उचललं तर पोलिसांचा ससेमिरा मागे लागतो का?

उत्तर : नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 134अ तुम्हाला संरक्षण देतं. नाव सांगायची, साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही. जखमीवर नेमून दिलेल्या रुग्णालयांत 7 दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोख पैसे न भरता होतात, 2025 ची योजना आहे. पहिल्या तासात गंभीर जखमीला पोचवणाऱ्याला ‘राह-वीर’ म्हणून 25 हजार मिळतात. 108 ला फोन करताना जागेची खूण नीट सांगा, जवळचा किलोमीटरचा दगड दिसला तर त्याचा आकडाही. हेल्मेट ओढून काढू नका, मान हलू देऊ नका. आणि गर्दीतून कुणीतरी पाण्याचा तांब्या घेऊन येईलच. बेशुद्ध माणसाच्या तोंडात ते पाणी पडू देऊ नका, तांब्या आपल्या हातात घ्या.