आधी ते कुलूप काढा

"मावशी, मुलगा 16 वर्षांचा, अकरावी सायन्सला. चारपाच महिने झाले, रात्री सगळे झोपले की किचनमध्ये जाऊन खातो. दिवसा धड जेवत नाही, डाएट करतोय म्हणतो, डबा मित्रांना देऊन येतो. क्रिकेटही सोडलंय. गेल्या आठवड्यात त्याच्या किटबॅगमध्ये पॅडच्या आत कोंबलेली फरसाणची रिकामी पाकिटं, मिल्कमेडचा डबा आणि एक चमचा सापडला. मी खूप बोलले, तो रडला, सॉरी म्हणाला, दोन दिवसांनी परत तेच. ह्यांनी खाऊच्या कपाटाला कुलूप लावलंय आणि रोज सकाळी त्याला वजनकाट्यावर उभा करतात. सासूबाई म्हणतात वाढतं वय आहे, खाऊ दे. नक्की कोणाचं ऐकू? - एक आई, नाशिक"

अगं, मावशी म्हणालीस म्हणून अगंतुगं करतेय, चालेल ना. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या चमच्यापाशीच अडकले. तो चमचा परत सिंकमध्ये टाकायलाही गेला नाही पोरगा, भांडं वाजेल, कोणी उठेल, म्हणून अंधारात पलंगावर बसून संपवलं असणार आणि मग पॅडमध्ये लपवलं. ह्याला चंगळ म्हणतात का सांग बघू.

सासूबाईंचं निम्मं बरोबर आहे. सोळाव्या वर्षी पोरं खातातच, माझा भाचा सहा पोळ्या खाऊन वर "अजून काय आहे" म्हणून डबे उघडायचा. पण तो सगळ्यांच्या समोर खायचा आणि खाऊन झालं की खुशीत असायचा. तुझा मुलगा लपून खातोय, बहुतेक भराभर, पोट दुखेपर्यंत, आणि थांबावंसं वाटलं तरी हात थांबत नसणार, नंतर स्वतःचीच किळस येत असणार. ह्याला बिंज ईटिंग म्हणतात. 2013 साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं डीएसएम-5 ह्या मानसिक आजारांच्या त्यांच्या पुस्तकात त्याची वेगळा आजार म्हणून नोंद केली, आठवड्यातून एकदा तरी आणि तीन महिने असं चाललं असेल तर डॉक्टर त्याचा विचार करतात. आता तुझ्या मुलाला तेच आहे का हे डॉक्टरच सांगणार, मी पत्र वाचून सांगणारी कोण. आणि हे फक्त मुलींचं असतं हे डोक्यातून काढून टाक, मुलगे बोलत नाहीत एवढंच.

आता त्याचा दिवस बघ ना जरा. सकाळी नाश्ता नाही, डबा दुसऱ्याच्या पोटात, संध्याकाळी क्लास, घरी येऊन अर्धी पोळी चिवडली आणि खोलीत गेला. मग रात्री बारा वाजता शरीर काय करणार गं? 1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटाला अँसेल कीज नावाच्या शास्त्रज्ञानं 36 धडधाकट तरुणांना जवळजवळ सहा महिने अर्धपोटी ठेवून प्रयोग केला होता. ती माणसं दिवसरात्र जेवणाचाच विचार करायला लागली, पाककृतीची पुस्तकं जमवायला लागली, आणि नंतर भरपूर जेवायला मिळाल्यावर त्यातले काहीजण प्रचंड खायचे तरी त्यांची भूक भागायची नाही. स्वतःहून प्रयोगाला तयार झालेली, मनानं चांगली खंबीर माणसं होती ती. तेव्हा "जरा कंट्रोल ठेव की" हे वाक्य घरातून हद्दपार कर. प्रत्येकाच्या बाबतीत उपाशी राहणं हेच कारण असतं असं नाही, टेन्शन असतं, कोणी चिडवत असतं, एकटेपणा असतो, पण दिवसभर उपाशी राहिलं की ह्या सगळ्याला काडी लागते.

आणि म्हणूनच ते कुलूप आधी निघायला हवं. आमच्या आजीच्या घरी फडताळाला कुलूप असायचं, किल्ली तिच्या कनवटीला. मी आणि भाऊ दुपारी बिजागरीचे स्क्रू काढायला शिकलो होतो आणि गंमत म्हणजे आतले मेथीचे लाडू आम्हाला दोघांनाही आवडायचे नाहीत! कुलूप लागलं की आतलं सगळं गोडच वाटतं. तुमच्या घरी तर त्या कुलपानं पोराला रोज येताजाता सांगितलं जातंय की तू चोर आहेस. वजनकाटाही माळ्यावर टाक, डॉक्टरांना हवं असेल तर ते करतील वजन.

मग खायला काय द्यायचं, तर नेहमीचंच, फक्त वेळेवर. तीन-चार तासांपेक्षा जास्त गॅप नको, सकाळी पोहे-उपमा काहीतरी, डबा, क्लासला जायच्या आधी पोटभरीचं खाणं (हे विसरू नकोस, तिथंच घोळ होतोय), रात्री सगळ्यांबरोबर जेवण. तुम्ही चिवडा घेणार असाल तर त्यालाही तुमच्यासारखाच वाटीत. संकष्टी वगैरे त्याला सध्या नको, बाप्पा समजून घेईल. आणि सगळ्यात अवघड काय माहितीये, आदल्या रात्री त्यानं कितीही खाल्लं असलं तरी दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता द्यायचाच. तो नको म्हणेल, काल खाल्लंय म्हणेल, तुलाही आतून वाटेल की राहू दे आज. तिथं नाश्ता चुकला की रात्रीची तयारी सुरू झाली समज.

बोलायचं कसं, तर समोरासमोर बसवून कोर्ट भरवू नकोस. स्कूटरवर मागे बसला असेल तेव्हा बोल, पोरांना तोंड न बघता बोलणं सोपं जातं. "तुझी बॅग मी उघडली आणि वर ओरडलेही, दोन्ही चुकलं माझं. रात्री तुला त्रास होतोय असं वाटतंय, आपण कोणाची तरी मदत घेऊया का?" एवढंच बोल आणि गप्प बस. तो "काही नाही झालंय" म्हणेल. म्हणू दे. चार दिवसांनी परत विचार. बॅग मात्र परत तपासायची नाही. क्रिकेट का सोडलं हेही कधीतरी हळूच विचार, मला उगीच वाटतंय की पांढरा टीशर्ट घट्ट व्हायला लागलाय. तसं असेल तर एक साइज मोठा आणून कपाटात ठेव, काही बोलू नकोस.

डॉक्टरांकडे जाताना डाएटचा चार्ट देणाऱ्याकडे आधी जाऊ नकोस, महिन्यात सात किलो वगैरे जाहिरातवाल्यांकडे तर मुळीच नाही. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना सगळं खरं सांग, ते तपासण्या सांगतील, आणि मुलांबरोबर काम करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवायला सांग. ह्यावर सीबीटी नावाची बोलून करायची थेरपी असते, तिचा उपयोग होतो, पण महिने लागतात आणि मध्येमध्ये घसरणारच. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर टेलिमानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, सरकारी, फुकट, 24 तास चालू, मराठीतही बोलतात.

खाल्ल्यावर तो बाथरूममध्ये जाऊन उलट्या काढत असेल, जुलाबाच्या गोळ्या घेत असेल किंवा चक्कर येऊन पडत असेल तर मात्र थेरपीच्या अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नकोस, लगेच डॉक्टर गाठ. उलट्यांनी शरीरातलं पोटॅशियम कमी होतं आणि ते हृदयावर येऊ शकतं. आणि जगून काय करू, मेलेलं बरं असलं काही बोलला किंवा स्वतःला इजा केली तर त्याच दिवशी, एकटं सोडायचं नाही.

राहिले तुझे मिस्टर. त्यांच्यावर चिडू नकोस, घाबरलेत ते, म्हणून कुलूप. पण ते कुलूप तू काढू नकोस, त्यांनाच काढायला लाव, आणि मुलगा घरात असताना, दिवसाउजेडी. भाषण नको, सॉरीही जमत नसेल तर राहू दे. कुलूप काढायचं, किल्ली ड्रॉवरमध्ये टाकायची आणि त्याला म्हणायचं, चल, चहा टाकतोय, तुला घेणार का.