धावपट्टीची जमीन आणि रेंजची जमीन: कायदे दोन

प्रश्न: १९४३ मध्ये आजोबांची सहा एकर जमीन लष्करी धावपट्टीसाठी घेतली. तिथून उडणारी विमाने शेजारच्या माळावर बॉम्बफेकीच्या चाचण्या करत. पुढे तिथे तोफांची रेंज (गोळीबाराच्या सरावाचे मैदान) झाली. आमची उरलेली चार एकर त्या रेंजच्या हद्दीत असून ती आम्हीच कसतो. धावपट्टी केव्हाच बंद पडली. वर्षाचे भाडे मिळायचे, ते १९७०च्या सुमारास थांबले. आता वाटणीला गेलो तर तलाठी म्हणतात, सातबाऱ्यावर इतर हक्कात ‘मिलिटरी’ आहे, दोन्ही गट सरकारचेच.

उत्तर: तलाठ्यांनी दोन वेगळे गट एकाच दावणीला बांधले आहेत. आधी धावपट्टीचा पाहू.

तुमच्या पत्रातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे भाडे. संपादन केलेल्या, म्हणजे मालकीच घेतलेल्या, जमिनीचे भाडे सरकार देत नाही. युद्धकाळात भारत संरक्षण नियमांतील ७५-अ खाली जमिनी अधिग्रहित होत: ताबा सरकारचा, मालकी शेतकऱ्याची. युद्धानंतर १९४७च्या कायद्याने ही अधिग्रहणे चालू ठेवली आणि १९५२च्या स्थावर मालमत्ता अधिग्रहण व संपादन कायद्याने ती आपल्यात सामावून घेतली. १९७०च्या दुरुस्तीने त्यांना कमाल मुदत घातली. ती वाढत वाढत १७ वर्षांची झाली आणि मार्च १९८७ मध्ये संपली. तोवर कलम ७ खाली संपादनाची अधिसूचना निघाली नसेल, तर ताब्याला आधार उरत नाही. बंगळूरच्या अशाच लष्करी ताब्यातील जमिनीबाबत सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये (बी. के. रविचंद्र खटला) तीन महिन्यांत जमीन परत करा, असा आदेश दिला.

मात्र भाडे थांबल्याचा अर्थ दोन्ही बाजूंनी लागतो. खात्याचा ढिसाळपणा असेल, किंवा त्याच सुमारास कलम ७ची अधिसूचना निघाली असेल. तसे असल्यास मालकी गेली. न मिळालेल्या मोबदल्यापुरताच हक्क उरतो, आणि या कायद्यात दिलासा रक्कमही (सक्तीने जमीन घेतल्याबद्दल वर मिळणारी रक्कम) नाही. म्हणून कागद हाती येईपर्यंत नोटीस पाठवू नका.

तहसीलच्या अभिलेख कक्षातून १९४० ते १९९० चे सर्व फेरफार काढा. उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडून कमी-जास्त पत्रक (गटाच्या क्षेत्रातील बदलांची नोंद) मागा. संपादन झाले असेल तर गटाची फोड बहुधा तिथे सापडते. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या भूसंपादन शाखेत निवाडा (मोबदला ठरवणारा आदेश) व रक्कम अदा केल्याची नोंद, आणि लष्करी जमिनी सांभाळणाऱ्या डिफेन्स इस्टेट्स ऑफिसरकडे मिलिटरी लँड्स रजिस्टरचा उतारा मागा. माहिती अधिकारात धावपट्टीचा नकाशा मागितलात की सुरक्षेच्या कारणाने नकार आलाच म्हणून समजा. फक्त आपला जुना सर्व्हे नंबर द्या आणि त्याचीच अधिसूचना, निवाडा व भाड्याची नोंद मागा.

संपादनाचा कागद कुठेच नसेल, तर उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ खाली रिट. ‘इतकी वर्षे आमचाच ताबा’ हे उत्तर येईल. पण सरकार नागरिकाच्या जमिनीवर प्रतिकूल ताब्याने (केवळ दीर्घ ताब्याच्या जोरावर) मालकी सांगू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०२० च्या विद्यादेवी निकालात स्पष्ट झाले आहे. भाड्याची एखादी जुनी पावती किंवा मनीऑर्डरची कुपने घरात असतील, तर मूळ प्रत जपून ठेवा, कुणाच्याही हाती देऊ नका.

आता रेंजमधले चार एकर. ते बहुधा १९३८च्या युद्धसराव, मैदानी गोळीबार व तोफखाना सराव कायद्याखाली अधिसूचित आहेत. अहिल्यानगरच्या के. के. रेंजभोवतीच्या गावांतही हाच कायदा लागू आहे. ठरलेल्या तारखांना सराव करणे, धोक्याच्या पट्ट्यातून माणसे व जनावरे हलवणे एवढाच अधिकार त्यातून लष्कराला मिळतो. मालकी जात नाही. राजपत्रातील अधिसूचनेची प्रत जोडून वाटणीचा अर्ज पुन्हा करा. तलाठी अडले तर तहसीलदारांकडून लेखी आदेश मागा, म्हणजे प्रांताकडे अपील करता येईल.

सरावात पीक गेले किंवा रान सोडावे लागले, तर भरपाई मागता येते. महसूल अधिकाऱ्याने ठरवलेली रक्कम पटली नाही, तर निर्णय कळल्यापासून १५ दिवसांत अपिलाचा इरादा त्याला लेखी कळवावा लागतो. लोक नेमके इथेच चुकतात: रक्कम घेतात, गावात कुरकुर करतात आणि मुदत घालवतात.

नांगराला न फुटलेला गोळा लागला तर काम तिथेच थांबवा, हात लावू नका, पोलीस ठाण्याला कळवा. भंगारात तर मुळीच घालू नका. जिवाला धोका आहेच, शिवाय १९०८च्या स्फोटक पदार्थ कायद्याखाली गुन्हाही लागू शकतो.