उत्तर: केनियाच्या मेडिकल कॅम्पला 'टूरिस्टवर या' म्हणतायत, जाऊ का?

सलाम ताई,

तुम्ही लिहिलंय की तुम्ही तासगावच्या, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेल्या, चर्चच्या ग्रुपबरोबर तीन आठवडे केनियाला मेडिकल कॅम्पला निघालाय आणि नेणारं ऑफिस म्हणतंय, "टूरिस्ट म्हणून फॉर्म भरा, बाकी आम्ही बघतो." हे वाक्य मी शब्दन् शब्द ऐकलेलं आहे, म्हणून नाईट ड्युटी संपवून झोपायचं सोडून टाइप करत बसलेय. पासपोर्ट, इन्शुरन्स, मलेरियाच्या गोळ्या हे तुम्हाला माहीत असणारच, त्यात जात नाही.

आमचा ग्रुप मिरजेचा, आम्ही काही नर्सेस, एक रिटायर्ड डॉक्टर आणि चर्चच्या तरुण संघाची दोन पोरं. ऑफिस कुठलं ते विचारू नका, मेसेज करून पण सांगणार नाही, उगा वाद नको. मी फोनवर त्यांना परत परत एकच विचारत होते, की भाऊ, मी तिकडं पेशंटला हात लावणार, इंजेक्शन देणार, मग तिथल्या कौन्सिलचं लायसन्स लागेल ना? उत्तर ठरलेलं, "सिस्टर, प्रभूचं काम आहे, विश्वास ठेवा." अहो विश्वास माझ्याकडं आहे, मी कागदाचं विचारत होते! ईमेल केला तर उत्तरात सूर्योदयाच्या फोटोवर छापलेलं बायबलमधलं वचन आलं. लायसन्सचा ल पण नाही.

केनियातल्या किसुमू शहराच्या पुढं एका खेड्यात चर्चच्या आवारात कॅम्प होता. पत्र्याखाली बाकं टाकलेली, बायका उजाडायच्या आधीपासून पोरं पाठीला बांधून रांगेत. मी एका आजीच्या दंडाला बीपी मशीनचा पट्टा (कफ) गुंडाळला आणि पंप मारत होते, तेवढ्यात काउंटीच्या (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) आरोग्य खात्याच्या एक मॅडम आल्या. आवाज नाही, आरडाओरडा नाही. खुर्ची ओढून बसल्या आणि लायसन्स मागितलं. मी आपलं महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन काढून दिलं, लॅमिनेशन केलेलं. त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचलं, परत माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, हे इंडियाचं झालं, केनियाचं कुठाय? मी कफमधली हवा सोडली. आजी माझ्याकडं बघतायत, मी मॅडमकडं. तिथून परत येईपर्यंत मी रांगेतल्या लोकांची नावं लिहिली आणि पोरांना हात धुवायला शिकवलं, बास. डॉक्टर साहेबांचं कौन्सिल वेगळं, पण गत तीच.

आणि मॅडम चुकल्या असं मी म्हणणार नाही हां. उद्या कवठेमहांकाळला शाळेच्या मैदानात मांडव टाकून कुणी परदेशी माणूस सुया टोचायला लागला तर आपण चालवून घेऊ का? राग आहे तो ऑफिसवर. फोन लावला तर साहेब मीटिंगमध्ये, आणि नंतर म्हणे ही आत्मिक लढाई आहे. लढाई कसली डोंबलाची, एक अर्ज वेळेत करायचा होता.

माझी बिनपगारी रजा गेली ते सोडा. तिकिटाला पैसे जमवले होते हंगामाच्या सणातून, म्हणजे चर्चमध्ये लोक घरचं पीक-फळं आणून देतात आणि त्याचा लिलाव होतो त्यातून. आमच्या एका मावशींनी स्वतःच्या परड्यातला नारळ लिलावाला दिला आणि स्वतःच बोली चढवत चढवत घेतला, "तुझ्या तिकिटाला गं" म्हणून. परत आल्यावर उपासनेत साक्ष द्यायला उभी राहिले तर समोरच्या बाकावर त्याच. ऑफिसच्या रिपोर्टात आमचा मोठा फोटो, माझ्या कानाला स्टेथोस्कोप, खाली 'आमची टीम सेवा करताना'. तो फोटो मॅडम यायच्या आधीच्या पाच मिनिटांतला!

तर आता तुमचं. (मी वकील नाही, एजंट नाही, नियम बदलतात, केनियाच्या इमिग्रेशनच्या साइटवर स्वतः बघून घ्या.) जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसा काढून ईटीए (जायच्या आधी ऑनलाइन घ्यायची प्रवासाची परवानगी) आणलंय, त्यामुळे सगळ्यांना वाटतं आता सोपं झालं. सोपं झालंय ते आत जाणं. बिनपगारी सेवा पण त्यांच्या लेखी कामच असते, त्याला थोड्या दिवसांसाठी स्पेशल पास असतो, जास्त राहणाऱ्यांना धार्मिक आणि धर्मादाय कामाचं क्लास आय परमिट. त्याचा अर्ज तिथली बोलावणारी संस्था घालते, आणि नर्सला वर तिथल्या नर्सिंग कौन्सिलचं तात्पुरतं लायसन्स लागतं ते वेगळंच. ऑफिसला सांगा, दोन्ही अर्जांच्या पावत्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, मग पैसे भरते. पावतीच्या जागी वचन आलं तर अजिबात भरू नका.

औषधांचं पण तेच. ओळखीच्या डॉक्टरांकडची सॅम्पल गोळा करून बॅगा फुगवू नका. आयात करायला तिथल्या फार्मसी अँड पॉयझन्स बोर्डाची परवानगी लागते, आणि दान केलेलं औषध तिथं पोचल्यावर किमान एक वर्ष मुदत शिल्लक असलेलं असावं असं डब्ल्यूएचओच सांगते. सॅम्पलच्या गोळ्यांची मुदत बऱ्याचदा संपत आलेली असते, ते तुम्हाला माहितीय. नैरोबीत मेड्स म्हणून कॅथलिक आणि प्रोटेस्टंट चर्चेसनी मिळून १९८६ ला काढलेली औषधपुरवठ्याची संस्था आहे, ती मिशनच्या दवाखान्यांना औषधं पुरवते. पैसे तिथल्या दवाखान्याला द्या, ते तिथूनच घेतील.

आणि एक, रागावू नका. बीपीच्या गोळ्या दहा दिवसांच्या द्यायच्या आणि अकराव्या दिवशी आपण विमानात, हे मला पटत नाही. मिशनरी डॉक्टर वानलेस साहेबांनी १८९४ ला मिरजेत दवाखाना काढला आणि जवळजवळ चाळीस वर्षं हिकडं काढली, तेव्हा कुठं नाव झालं. तेवढं आपल्याला जमणार नाही, कबूल, पण तिथल्या आरोग्य सेविकांबरोबर बसून बीपी, शुगर, बाळंतिणीची काळजी यावर शिकवण्याचं काम मागून घ्या, ते आपण गेल्यावरही राहतं.

वर कुणीतरी "मग नेपाळला जा, व्हिसाच लागत नाही" म्हणलंय. जरा जपून हं. २०१५ च्या संविधानातच धर्मांतर करायला लावण्यावर बंदी आहे आणि २०१८ पासून लागू झालेल्या कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. परदेशी माणसाला शिक्षा भोगून झाल्यावर देशाबाहेर काढतात. नुसती पत्रकं वाटायला गेलेलं पण अंगाशी येऊ शकतं.

यलो फीव्हरची लस जायच्या किमान दहा दिवस आधी घ्या, सरकारने नेमलेल्या सेंटरवरच मिळते, आम्ही महालक्ष्मीने मुंबईला जाऊन घेतली. नैरोबीत कार्ड बघोत न बघोत, परत येताना आपलेच लोक मागतात आणि नसलं तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन. कार्ड आयुष्यभर चालतं, जपून ठेवा. प्लग तिकडं तीन चपट्या पिनांचा लागतो. भडंग नेलंत तर कंपनीचं सीलबंद पाकीट चालतं, पण प्लास्टिकची कॅरीबॅग घरीच ठेवा, २०१७ पासून बंदी आहे आणि दंड ऐकून घाम फुटेल. कापडी पिशव्या न्या.

ऑफिसचं लेखी उत्तर आलं तर नाव खोडून हितं टाका, बघून सांगते.