उद्योजिका, राजदूत आणि समाजसेवी: बॉनी मॅकएलवीन-हंटर यांची कारकीर्द कशी घडली?

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ग्रीन्सबरो येथे ‘पेस कम्युनिकेशन्स’ ही कंपनी उभारून, विमानात समोरच्या आसनाच्या खिशात ठेवलेली मासिके विमान कंपन्यांना तयार करून देणे, हा त्यांचा मूळ व्यवसाय. परराष्ट्र सेवेबाहेरील व्यक्तीलाही राजदूतपद देण्याच्या तेथील प्रथेनुसार त्या २००१ ते २००३ या काळात फिनलंडमध्ये राजदूत होत्या. हेलसिंकीत त्यांनी भरवलेली महिला उद्योजकांची परिषद मला त्या कार्यकाळातील सर्वांत लक्षणीय गोष्ट वाटते. २००४ मध्ये त्या अमेरिकन रेड क्रॉसच्या नियामक मंडळाच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. (क्लारा बार्टन यांनी १८८१ साली स्थापन केलेल्या संस्थेत यास एवढा काळ लागावा, हे नवलच!) या पदावर नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतात, दैनंदिन कारभार मात्र वेगळे कार्यकारी प्रमुख पाहतात.