१ − कॉस क्ष चं उत्तर शून्य आलं, तर दोष फंक्शनचा की सूत्राचा?

प्रश्न असा आहे, की क्ष = १०^-८ घेतल्यावर पायथन १ − कॉस(क्ष) चं उत्तर ०.० देतं, मग तिथे या फंक्शनचा कंडिशन नंबर (इनपुटमधली सापेक्ष, म्हणजे टक्क्यांतली, चूक उत्तरात किती पट होते तो आकडा) अनंत समजायचा का? नाही. तो जवळपास २ आहे.

कंडिशन नंबर = |क्ष · फ′(क्ष) / फ(क्ष)|, फ′ म्हणजे फ चा डेरिव्हेटिव्ह. इथे तो क्ष·साइन(क्ष) / (१ − कॉस(क्ष)). क्ष अगदी लहान असला की अंशात क्षचा वर्ग उरतो, छेदात त्याच्या निम्मे, भागाकार २. क्षमध्ये एक टक्का चूक असली तर उत्तरात दोन टक्के. फंक्शन गरीब गाय आहे.

घोळ मधल्या पायरीत आहे. कॉस(१०^-८) ची खरी किंमत १ − ५×१०^-१७. डबल प्रिसिजनमध्ये (पायथन दशांश संख्या ज्या सुमारे सोळा अंकी रूपात ठेवतं, त्यात) १ च्या लगेच खालची संख्या १.१×१०^-१६ ने दूर असते, त्यामुळे ही किंमत राउंड होऊन सरळ १ होते. आता पायऱ्यांचे कंडिशन नंबर सुटे काढा: कॉसचा सुमारे १०^-१६, वजाबाकीचा सुमारे २×१०^१६. गुणाकार २च. पण राउंडिंगची चूक दोन पायऱ्यांच्या मध्ये शिरते, तिच्या वाट्याला फक्त दुसरा आकडा येतो. २·साइन²(क्ष/२) लिहा, ५×१०^-१७ मिळेल.

खरोखर वाईट कंडिशनिंग बघायचं तर १ जवळचा लॉग घ्या. तिथे कंडिशन नंबर १/|लॉग क्ष|. क्ष १.००००१ वरून १.००००११ केला, म्हणजे जेमतेम दहा लाखात एक भाग, की उत्तर दहा टक्क्यांनी हलतं. कंडिशन नंबर १०^५, म्हणजे पाच अंक गेले. मोजमाप सात अंकी असेल तर भरवशाचे दोनच उरले. सूत्र बदलून ते परत येत नाहीत. हां, मुळात तुमच्याकडे १ पासूनचा फरक ०.००००१ वेगळा असेल, तर तो १ मध्ये मिसळू नका, लॉग१पी ला द्या, हे फंक्शन नुसता फरक घेऊन लॉग(१ + फरक) काढतं. त्या फरकाच्या हिशेबाने कंडिशन नंबर १ च्या आसपासच असतो.

फ(क्ष) नेमकं शून्य असेल तर सूत्राच्या छेदात शून्य येतो, तिथे सापेक्ष चूक सोडा, नुसतं |फ′(क्ष)| बघा.

शंका आली तर तोच क्ष, तेच सूत्र एमपीमॅथमध्ये (हवे तितके अंक ठेवणारी पायथनची लायब्ररी) ५० अंकांनी चालवा. उत्तर बदललं तर सूत्र बदला. तेच राहिलं, पण क्षचा शेवटचा अंक हलवल्यावर भलतीकडे गेलं, तर इनपुट जास्त अचूक आणा.